सोनगीरचा नमुना

“निर्णय तुमचा,” असं म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी फाईल मिटली, आणि तिथेच धरणगावच्या झुलाल नानांची पंचाईत झाली.

नानांनी चाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला होता. ढिगात हात घालायचा, चिमटीत बोंडभर कापूस ओढून बघायचा आणि गाडीवाल्याचा चहा संपायच्या आत माल कोणत्या प्रतीचा ते सांगून मोकळं व्हायचं. पण तो माल दुसऱ्याचा असे. आता प्रश्न स्वतःच्या पाठीचा होता. मणक्यातली नळी अरुंद होऊन नस दबली होती. पन्नास पावलं चाललं की डावा पाय लाकडासारखा होई. पुढे वाकलं की जरा बरं वाटे, म्हणून नाना सायकल घेऊन बाहेर पडत. तिच्यावर बसत नसत, नुसते हँडलवर रेलून चालत. चार मणके, आठ स्क्रू, दोन सळया एवढं काम निघालं होतं. वय एकाहत्तर. “शंभरातल्या ऐंशी जणांना चांगला आराम पडतो,” डॉक्टर म्हणाले होते.

“अन् बाकीना वीस?” झिपरू भाऊंनी ओट्यावर टेकता टेकता विचारलं. झिपरू भाऊ म्हणजे नानांचे शेजारी आणि गावातल्या प्रत्येक ऑपरेशनचे विरोधक. “आठ स्क्रू! झुलाल, तू मानूस शे का पलंग?”

मग नानांनी गावाचं मत घ्यायला सुरुवात केली. न्हाव्याने ‘करू नका’ म्हटलं, पिठाच्या गिरणीवाल्याने ‘करूनच टाका’ म्हटलं. इलेक्ट्रिशियनने एमआरआयची फिल्म उन्हात धरली आणि ‘अर्थिंग बरोबर नाही’ असं निदान केलं. नाना ती फिल्म काखेत मारूनच फिरू लागले. महिना झाला. विचारायच्या राहिल्या फक्त त्यांच्या पत्नी पुष्पाबाई. पण घरातल्या माणसाला काय विचारायचं?

शेवटी त्याच म्हणाल्या, “सोनगीरना जीवराम भाऊनं हाईच ऑपरेशन व्हयेल शे. एकदाव जाईसन देखी या.”

नानांना हे पटलं. नमुना हातात घेतल्याशिवाय त्यांनी कधी माल पास केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा हितेंद्र गाडी चालवायला, झिपरू भाऊ न बोलावता, आणि नाना फिल्मसकट, असे तिघे सोनगीरला निघाले.

जीवराम भाऊ अडुसष्ट वर्षांचे. दारात ताठ उभे होते. पाहुण्यांना खाटेवर बसवून त्यांनी चहा सांगितला आणि स्वतःहून सदरा वर करून पाठ दाखवली. नानांनी टाक्यांची रेघ वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपली.

“बसी दखाडा,” झिपरू भाऊ म्हणाले. जीवराम भाऊ बसले.

“उठी दखाडा.” ते उठले.

“वाकी दखाडा. आते उकिडवा बसी दखाडा.”

जीवराम भाऊ वाकले, उकिडवे बसले, उठले. झिपरू भाऊंचा चेहरा उतरत चालला. “घरमा काय, कोनबी चालस,” ते म्हणाले.

हे जीवराम भाऊंना लागलं. “चला गडवर!”

गडाच्या पायथ्याशी नाना गाडीत बसून राहिले. जीवराम भाऊ सोनगीरच्या किल्ल्याची चढण दमाने, पण न थांबता चढून गेले आणि दरवाजातून त्यांनी खाली हात हलवला. झिपरू भाऊ अर्ध्या वाटेत दगडावर बसून धापा टाकत होते. नानांचं मन जवळजवळ ठरलं. माल पास.

जीवराम भाऊंच्या घरी परतल्यावर झिपरू भाऊंना पुन्हा वाचा फुटली. “चढानं हाई पायसनं काम शे. पाठनी परीक्षा वजनवर ऱ्हास.”

ओसरीत पाण्याने भरलेला पितळी हंडा होता. जीवराम भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई आतून ओरडल्या, “अहो! वजन उचलू नका सांगेल शे डॉक्टरनी!”

“पाव्हना इतला लांबून येल शेत,” असं म्हणून जीवराम भाऊंनी हंड्याला हात घातला.

हंडा गुडघ्यापर्यंत आला. जीवराम भाऊ हसले. मग हसू तसंच राहिलं आणि माणूस जागीच थांबला. वर होईना, खाली होईना. हितेंद्रने धावत जाऊन हंडा काढून घेतला, पण त्याच्यावर वाकलेले जीवराम भाऊ तसेच राहिले. सुगंधाबाईंनी पाहुण्यांकडे असं बघितलं की चहाचे रिकामे कप तिघांनी मुकाट्याने मोरीत नेऊन ठेवले.

“दखा! मी काय सांगत व्हतू!” झिपरू भाऊंनी आवाजात दुःख आणून पाहिलं, पण ते काही जमलं नाही.

जीवराम भाऊंना मागच्या सीटवर आडवं करून गाडी धुळ्याकडे निघाली. वीस किलोमीटरमध्ये नानांचा निर्णय पक्का झाला. नाही म्हणजे नाही.

धुळ्याच्या दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा नव्हती. हितेंद्रने गाडी लांब उभी करून चाकांची खुर्ची आणायला धाव घेतली. नाना त्याच्या मागे निघाले. फाटकाजवळ पन्नास पावलं भरली आणि डावा पाय संपला. समोर हितेंद्र खुर्ची घेऊन येत होता. नाना घटकाभर दम खायला तिच्यात टेकले आणि हितेंद्र जीवराम भाऊंना आणायला गेला.

इतक्यात एक नर्स आली. खुर्चीत तोंड वाकडं करून बसलेला म्हातारा, काखेत एमआरआय. तिने विचारपूस न करता खुर्ची ढकलत थेट आत नेली.

“अहो ताई, मी नही, दुसरा शे!”

“सगळे असंच म्हणतात, बाबा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, तळव्याला टोचून पाहिलं, फिल्म उजेडात धरली. “फार दिवस काढलेत तुम्ही. हा पाय अजून किती वाट बघेल, सांगता येत नाही.”

एवढ्यात झिपरू भाऊंनी दार उघडलं. हितेंद्रच्या खांद्यावर हात टाकून, कमरेत वाकलेले, पण स्वतःच्या पायांनी चालत जीवराम भाऊ आत आले. “डॉक्टरसाहेब, पेशंट मी शे.”

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग खुर्चीत हे कसे?”

नानांनी खुर्ची रिकामी केली. एक्सरे निघाला. स्क्रू जागच्या जागी होते, फक्त स्नायू आखडला होता. इंजेक्शन आणि आठ दिवस विश्रांती. “भरलेला हंडा उचलायला सांगितलं कोणी?” डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांनी झिपरू भाऊंकडे पाहिलं. झिपरू भाऊ भिंतीवरचा बाळांच्या लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होते.

इंजेक्शन लागू पडल्यावर जीवराम भाऊ पलंगावरून नानांकडे वळले. “नाना, दोन वरीस पहिले मले संडासले जावाले दोन मानसं लागेत. मी रडू, कोनले सांगू नही. आज तुमले दखाडाकरता गड चढनू. हंडानं सोडा, ती मनी हौस व्हती.”

नानांनी आपल्या डाव्या पायाला चिमटा काढून पाहिला. मग त्यांनी घरी फोन लावला.

“पुष्पा, मी ठरायं. ऑपरेशन करसू.”

“बरं,” पुष्पाबाई म्हणाल्या. “मंगळवारे सकाळे आठले जळगावले दाखल व्हवानं शे. उद्या रक्त तपासाले उपाशीपोटी चला.”

“मंगळवार? तुले कोनी सांगं?”

“महिना व्हयना, मीच तारीख लेल शे. तुम्ही नही म्हनतात तर रद्द करता येती. बॅग भरेल शे. झिपरू भाऊले सांगा, दवाखानामा गर्दी करू नका.”

फोन ठेवून नानांनी फिल्म पुन्हा काखेत मारली.

“काय म्हनस वहिनी?” झिपरू भाऊंनी विचारलं.

“काही नही,” नाना म्हणाले. “येळ लागना जरा, पन समजाडं मी तिले.”