‘इथे’च्या जागी

संगणकातलं मला सगळं कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवलेला. त्यामुळे सासूबाईंच्या गाद्यांच्या दुकानाची वेबसाइट शोधूनही सापडेना, तेव्हा मेहुणा माझ्याकडेच आला.

"भाऊजी, समोरच्या नव्या शोरूमचं नाव पहिलं येतं. आपलं शोधता शोधता माणूस झोपून जाईल."

मी वेबसाइट उघडली आणि डॉक्टर जीभ बघून हलवतात तशी मान हलवली. "अरे, 'किमती इथे बघा', 'सवलत इथे बघा', आणि लिंक कशाला दिलीस, तर 'इथे' या शब्दाला! 'इथे' असं कोण शोधतं? लिंक ज्या शब्दांवर असते, त्यावरून पान कशाचं आहे ते सर्च इंजिन ठरवतं. तिथे लोक शोधतात तेच शब्द हवेत. स्वस्त गादी."

"पण आपण स्वस्त विकत नाही. बाबांनी कधी..."

"शोधणारा स्वस्तच शोधतो. आधी दुकानात येऊ तर दे."

सगळ्या पानांवरचा 'इथे' एका फटक्यात बदलायची सोय होती. वाक्य मोडू नये म्हणून मी व्याकरणही सांभाळलं. 'सवलत स्वस्त गादीवर बघा.' बटण दाबलं, सगळीकडे किंमतपत्रकाची लिंक बसली आणि मी ऐटीत चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा माझ्या बायकोला फोन. "अगं, सकाळपासून कोण कोण पुरुष फोन करतायत. विचारतात, खरंच असता का? मी म्हणते, असते की, या. तर हसतात आणि फोन ठेवतात."

बायकोने संपर्काचं पान उघडलं. सासूबाईंच्या सहीच्या वर लिहिलं होतं, 'मी रोज सकाळी स्वस्त गादीवर असते. संकोच न करता स्वस्त गादीवर या.'

मला हसू फुटलं. बायकोला नाही. ती पुढच्या पानावर गेली होती आणि ते सासऱ्यांचं होतं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा सासूबाईंनी स्वतः लिहिलेलं. फोटोखाली आता होतं, 'यांनी सगळं आयुष्य स्वस्त गादीवर काढलं. शेवटचा श्वासही स्वस्त गादीवरच घेतला.' त्या शब्दांवर बोट टेकलं की किंमतपत्रक उघडायचं. गादीवर उशी मोफत.

आम्ही धावत दुकानात पोचलो, तर मावससासूबाई आधीच येऊन डोळे पुसत बसल्या होत्या. "ताई, घरचं दुकान असून शेवटी तरी त्यांना चांगली गादी द्यायचीस गं."

सासूबाई मेहुण्याला विचारत होत्या, "बापाबद्दल असं लिहिताना तुझा हात कसा धजावला?"

मेहुणा मान खाली घालून उभा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, पण नाव घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. मग बायकोने माझ्याकडे बघितलं.

"ते मी केलं," मी म्हणालो. "लिंकचे शब्द बदलायला गेलो आणि..."

"जावईबापू, यांनी हलकी गादी कधी दुकानात ठेवू दिली नाही," सासूबाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

तिथेच बाकावर बसून मी एकेक 'इथे' हाताने परत लावला. मावससासूबाई शेजारी बसून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत होत्या, गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असं.

पण सर्च इंजिनने तेवढ्यात ते पान वाचून ठेवलं होतं. काल मेहुण्याने मला दुकानाच्या कोपऱ्यात नेऊन मोबाइल दाखवला. 'स्वस्त गादी' शोधलं की समोरच्या त्या शोरूमच्याही वर पहिलं नाव आमचं, आणि बाजूला सासऱ्यांचा हसरा फोटो.

"जमलं की भाऊजी," तो हळूच म्हणाला.

मागून सासूबाई आल्या. "काय बघताय एवढं?"

"हवामान," मी म्हणालो आणि मोबाइल उशीखाली सरकवला.