बबनशेठची बहिरी भाकरीवाली

आमच्या बबनशेठनी मला चार वर्षं बहिरी करून ठेवलं होतं.

कान माझे चांगले शाबूत. पण किकवीजवळ हायवेला त्यांचं हॉटेल, आणि पुढ्यातच, गाड्यांना दिसेल अशी, माझी चूल. कुणी गिऱ्हाईक जवळ येऊन "मावशी, कुठल्या तुम्ही?" म्हणालं की शेठ गल्ला सोडून पळत येत.

"त्यांना ऐकू येत न्हाई वं. जन्मापासनं."

भीती एकच, मला कुणी पळवून नेईल. भाकऱ्या थापणारी बाई आता मिळते कुठं? पोरी कंपनीत जातात. धुरात कोण बसतंय?

भित्री माणसं मी लई बघितली, पण हे न्यारंच. माझ्या एसटीला उशीर झाला की "घात झाला". मी नवं लुगडं नेसले तरी "घात झाला मावशी, कुणीकडं निघाला?" माझं पोट दुखलं तर ओवा घेऊन येत, पण सुट्टी म्हटलं की त्यांचंच पोट दुखायचं.

एक दिवस धरणाकडच्या एका रिसॉर्टची मॅनेजरबाई जेवायला आली. माझ्यासमोरच ड्रायव्हरला म्हणाली, "यांना न्यायला हवं. आपल्याकडे धूर नाही, आठवड्याला सुट्टी, बायकांना वेगळं बाथरूम." मी तव्याकडं बघत होते, पण ते शेवटचं काळजात बसलं. हितं त्यासाठी पेट्रोल पंपापर्यंत चालत जावं लागायचं.

जाताना तिनं परातीशेजारी कार्ड ठेवलं. शेठना म्हणाली, "ऐकू येत नसलं तरी वाचता येतं ना?"

शेठचा चेहरा राखेसारखा झाला. दिवसभर माझ्याभोवती घुटमळले. चारच्या सुमारास वारं फिरलं, धूर तोंडावर आला आणि मला असा खोकला लागला की थांबेना. शेठ मातीतच बसले.

"कमल बी असंच खोकायची," म्हणाले.

कमल त्यांची बायको. माझ्या आधी या चुलीशी तीच बसायची. छातीच्या दुखण्यानं गेली.

"म्या म्हणायचो, तेवढी एक गाडी जाऊ दे, मग ऊठ." मग म्हणाले, "मावशी, तुमी तिकडं जावा."

"आन हॉटेल?"

"बघू." माती झटकून ते गल्ल्याकडं गेले.

दोन दिवस मी घरीच राहिले. तिकडं जायला पाय निघेना, हितं यायला छाती होईना. तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तर चूल मोडलेली. 'चुलीवरची भाकरी' या पाटीवरचं 'चुलीवरची' पुसलेलं. आत खिडकीशी गॅस, धूर ओढणारा पंखा, बसायला उंच स्टूल. मागं गवंडी संडासाच्या विटा रचत होता.

"हे काय केलं?" मी म्हटलं.

"तुमच्यासाठी न्हाई. तुमी जावा. पुढं येईल त्या बाईसाठी."

शेठ रस्त्याच्या कडेला उभे होते. गाड्या सरळ निघून जात होत्या. एकीनंही वेग कमी केला नाही.

"मावशी, कुणी थांबंना," ते हळूच म्हणाले. "लई भ्या वाटतंय."

"मला बी," म्हटलं, आणि आत जाऊन परात पुढ्यात ओढली.