सतरंजीवर आलं ते देवाचं

ट्रक सोमवारी सकाळी येणार होता. मुख्याध्यापक प्रभाकरराव त्या सोमवारची वाट आजारी माणसाने डॉक्टरची पाहावी तशी पाहत होते. आंजीपलीकडच्या त्या गावातली लुथरन प्राथमिक शाळा दिवाळीनंतर वर्ध्याच्या शाळेत मिळवून टाकायची, असे मिशनच्या कमिटीने ठरवले होते. शाळेचे सामान ट्रकने वर्ध्याला जाणार, मास्तर निवृत्त होणार आणि नवरा-बायको त्याच ट्रकमधून घरचे सामान नेऊन वर्ध्याजवळ नालवाडीत दोन खोल्या घेऊन राहणार. तिथे घरात नळ होता. विमलाबाई त्या नळाविषयी नातवाविषयी बोलावे तसे बोलत.

"शाळा बंद होते, वाईट वाटत असन न मास्तर?" असे कोणी विचारले की ते म्हणत, "वाटेल. आधी झोप होऊ द्या."

अडचण एवढीच होती, की आदला रविवार कापणीच्या सणाचा होता. मंडळीची उपासना शाळेच्याच एकुलत्या मोठ्या खोलीत होई. लोक आपल्या पिकातले काहीबाही आणून व्हरांड्यातल्या सतरंजीवर ठेवत. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करत आणि मग लिलाव होई. प्रार्थना झाली की वस्तू देवाची; ती नुसती उचलून नेता येत नसे, बोली लावूनच घ्यावी लागे. गावातले हिंदू शेतकरीही हौसेने बोली लावत. लिलाव पुकारण्याचा मान तर भाजीवाल्या बंडूजींचाच होता. ते ख्रिस्ती नव्हते, पण बाजारात तयार झालेला तसा आवाज मंडळीत कोणालाच नव्हता.

शनिवारी उपासनेसाठी खोली रिकामी करताना मास्तरांनी शाळेचे सामान व्हरांड्यात ओढले आणि ओल लागू नये म्हणून सतरंजीवर मांडले. रविवारी त्याच्या शेजारी वांगी, कापूस, कणसे आणि पाय बांधलेली एक कोंबडी येऊन बसली. जागा नव्हती म्हणून मास्तर तिथेच आपल्या खुर्चीवर टेकले. पाळकसाहेबांनी डोळे मिटून सगळ्यावर प्रार्थना केली. मास्तरांनीही डोळे मिटले. पाळकसाहेबांनी नंतर उघडले.

वांगी गेली, कोंबडी गेली. बंडूजींनी फळ्यावर हात ठेवला. शाळाच बंद होते आहे, तेव्हा मिशनने हेही देवाला वाहिले असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"बोला जी, फळा! शाळा चालली, निशाणी राहू द्या!"

"मुंगवड्या वाळवाले बरा आहे," म्हणत चतुराबाईंनी फळा घेतला. किसनरावांनी घंटा घेतली.

"एवढी घंटा बैलाच्या गळ्यात बांधता काय?"

"खळ्यावर टांगीन. गड्यायले जेवाले बलवाले."

कोणीतरी खांदा हलवला तेव्हा मास्तर जागे झाले.

"उठा न जी मास्तर. तुमच्या खुर्चीची बोली होऊन राह्यली."

"मास्तरासकट बोला!" मागून कोणी ओरडले.

"मास्तराले कोण घेते? दुपारचा झोपते तो!"

"बंडूजी, अहो, हे सामान मिशनचं होतं!" मास्तर ओरडले.

"होतं जी. प्रार्थनेपर्यंत."

मास्तरांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. "आता आमेन झालं, मास्तर," ते हळूच म्हणाले. "तुम्हीही म्हणालात."

"झोपेत म्हणालो असेन."

संध्याकाळी मास्तर घरोघर फिरले. ट्रक शाळेच्या सामानावाचून परत गेला, तर कमिटी चौकशी लावणार आणि निवृत्ती त्या चौकशीखाली दबून जाणार, हे त्यांना दिसत होते. पण किसनराव कानाला हात लावून म्हणाले, "देवाजवळून घेतलेलं परत देऊ? पाप लागन जी."

"मग मी काय करू?"

"दान देता येते. पण वर्ध्याले काऊन द्याचं? देऊ तर आपल्याच शाळेले."

थकलेल्या मास्तरांना यातला फरक कळला नाही. "द्या, कसंही द्या," ते म्हणाले.

सोमवारी ट्रक येण्याआधीच गावकऱ्यांनी वाजतगाजत सामान आणून खोलीत पुन्हा जागच्या जागी लावले. फळा दिसल्यावर पोरे सवयीने येऊन बसली. कमिटीचे ताराचंद ट्रकमधून उतरले आणि म्हणाले, "चला, भरा."

"काय भरता?" बंडूजी आडवे आले. "हे गावानं आपल्या शाळेले देलं. मिशनचं असन ते न्या."

"मग मिशनचं काय आहे इथं?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मास्तर आहेत," चतुराबाई म्हणाल्या.

खराब रस्त्याने ताराचंदांचीही हाडे खिळखिळी झाली होती. त्यांनी फळा पाहिला, पोरे पाहिली. "मास्तर, ही तर चालू शाळा आहे. बंद झाली म्हणून मी कमिटीला कोणत्या तोंडानं सांगू? नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा."

"कधी मिळेल?"

"या गावात यायला?" ताराचंद म्हणाले आणि ट्रककडे वळले.

ट्रकमध्ये एव्हाना मास्तरांचे घरचे सगळे सामान चढले होते आणि पुढे ड्रायव्हरजवळ विमलाबाई बसल्या होत्या.

"उतरतेस ना?" मास्तरांनी खालून विचारले.

"मी नाई उतरत. तुमी चालवा शाळा."

ट्रक निघाला. मास्तर वर्गात गेले आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. रस्त्याच्या कडेने विमलाबाई येत होत्या. हातात फक्त स्टोव्ह होता. मास्तर लगबगीने बाहेर आले.

"पलंग?"

"गेला."

"भांडी?"

"गेली नालवाडीले."

"मग तू काऊन उतरली?"

विमलाबाईंनी स्टोव्ह पायरीवर ठेवला आणि पदराने कपाळ पुसले. "घरातून कोणीतरी निवृत्त व्हायला पाहिजे होतं न," त्या म्हणाल्या. "सामान झालं."