पुरातील प्रेक्षणीय स्थळ

एका पत्राचे उत्तर माझ्याकडून पुष्कळ दिवस गेले नाही. सन १९३४ च्या आषाढात ते बोरगावच्या टपालातून आमच्या वाचनालयाच्या नावे आले होते. मजकूर असा : प्रांतसाहेब श्रावणात नदीमार्गे दौऱ्यावर निघत आहेत. त्यांची नाव आपल्या शहरी थोडा वेळ थांबेल. तेवढ्या अवधीत पाहण्याजोगी स्थळे निवडून उलट टपाली कळवावीत. साहेबांच्या पसंतीस उतरेल त्या स्थळाच्या कामी जिल्हा लोकल बोर्ड खर्च करील.

आमचे गाव दूधगंगेच्या वाकणात आहे. ते शहर असल्याचे आम्हांला या पत्रावरूनच समजले.

वाचनालयाचा चिटणीस मी, आणि अक्षर बरे म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. 'स्थळे' लिहावे की 'ठिकाणे', येथेच माझे अडले. तोवर मारुतीराव पाटलांनी समिती नेमली.

"चावडी पयली लिवा," पाटील म्हणाले.

"चावडीत काय बघायचं? तुमचं घोरणं?" तंबाखूचे व्यापारी अप्पासाहेब म्हणाले. "माझी वखार लिवा. निपाणीची माणसं बघून जात्यात."

मी भीत भीत एक अडचण मांडली. श्रावणात पूर असतो. पुरात चावडी शाळेत हलवतात, शाळा मारुतीच्या देवळात जाते, देवळात पाणी शिरले की मारुती वखारीत येतो, आणि वखारीतली तंबाखू वाचनालयात. त्यामुळे कुठलेही स्थळ आपल्या स्थळी असणार नाही.

समितीने यावर गांभीर्याने विचार केला व ठराव केला की, वस्तू आहेत तेथे राहू द्याव्यात. मात्र जेथे असायला हव्यात तेथे पाट्या लावाव्यात. पाट्या पाण्यात बुडतील, हे लक्षात आल्यावर त्या तरंगत्या लाकडाच्या करण्याचे ठरले.

दारात उभी असलेली बायाक्का सुईण मगापासून ऐकत होती.

"पाटील, बोर्डाकडं नदीला नाव मागा की," ती म्हणाली. "माझी मनू मळ्यात हाय, नदीपल्याड. श्रावणात दिवस भरत्यात तिचं. काहिलीतनं मी कवा पोचायची?"

काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई. पावसाळ्यात गुऱ्हाळे बंद असतात, तेव्हा पुरात आमची होडी तीच. माणसाने आत बसायचे आणि पोहणाऱ्या गड्याने काठ धरून ढकलायची. ती गोल असल्याने तिला पुढचे टोक नाही की मागचे नाही. ती फिरत फिरत जाते आणि स्वतःच्या सोयीने पोचते.

"बायाक्का, नाव हे काय प्रेक्षणीय स्थळ न्हवं," पाटील म्हणाले.

"आनि जे आपल्याकडं न्हायच, ते दाखवायचं कसं?" अप्पासाहेब म्हणाले.

बायाक्काची सूचना 'विषयाबाहेर' म्हणून मी नोंदवली.

चर्चा चालू असतानाच श्रावण आला, पूर आला आणि साहेबांची नावही आली. यादी गेलेली नव्हती. तरंगत्या पाट्या ठरल्याप्रमाणे तरंगल्या आणि शिरोळकडे निघून गेल्या. साहेब छत्रीखाली बसून 'पुढे काय?' अशा नजरेने आमच्याकडे पाहू लागले.

तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून हाक आली : मनूला कळा सुरू झाल्या. बायाक्का धावतच साहेबांच्या नावेपाशी गेली.

"साहेबास्नी सांगा, मला तेवढं पलीकडं सोडा. जागा लई हाय."

साहेबांचा कारकून म्हणाला, "बाई, ही नाव पाहणीची आहे. वाहतुकीची नाही."

"मग माझ्या पोरीनं काय करायचं?"

"आरोग्य खात्याकडे अर्ज करावा."

बायाक्का वळली आणि काहिलीत बसली. गुंडू कोळ्याने काठ धरला आणि स्वतःला पाण्यात झोकून दिले. मधल्या धारेला लागताच काहील गरगरू लागली. साहेब ताडकन उठले. त्यांनी दुर्बीण काढली.

"साहेब विचारतात, हे काय आहे?" कारकून म्हणाला.

मारुतीराव गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "हे व्हय? हेच की आमचं प्रेक्षणीय स्थळ!"

"साहेब म्हणतात, पुन्हा एकदा दाखवा."

"गुंडू, माघारी आण रं!" पाटील ओरडले.

"माघारी येत न्हाय पाटील!" गुंडू पाण्यातून ओरडला. "फुडं बी जाईना! नुसती फिरतीया!"

"मग फिरव! लई झ्याक दिसतंय!" अप्पासाहेब म्हणाले.

फिरता फिरता तोंड मळ्याकडे आले की बायाक्का विचारी, "सुटली का गं?" आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत तिची पाठ तिकडे झालेली असे. अखेर मळ्यातल्या बायकांनी एकदम ओरडून सांगितले : मुलगी झाली, दोघी सुखरूप. आजी तेव्हा नदीच्या मधोमध होती. आम्ही काठावर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

भाद्रपदात हुकूम आला. काहिलीतून पूर ओलांडण्याचा देखावा साहेबांना अत्यंत पसंत पडला आहे. नाव आल्यास हा देखावा नष्ट होईल, सबब या घाटावर नाव ठेवण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे. मंजूर रकमेतून प्रेक्षकांसाठी काठावर छपरासह बाक बांधावा. मूळ पत्राचे उत्तर मात्र अद्याप आलेले नाही; ते पाठवून प्रकरण पूर्ण करावे.

बाक झाला. निपाणीहून, बेळगावाहून माणसे शिदोऱ्या घेऊन येऊ लागली. बायाक्का अजून बाळंतपणांना जाते. बाकावरचे लोक तिला हात हलवून दाखवतात; तिचे दोन्ही हात काहिलीच्या काठाला गच्च धरलेले असतात. नात आता मान धरू लागली आहे. तिला तिने जवळून अजून फारशी पाहिलेली नाही.

परवा मी उत्तर लिहायला बसलो. या खेपेस शब्दासाठी अडलो नाही.

'प्रेक्षणीय स्थळ एकच : बायाक्का सुईण. काळ : पाणी चढल्यावर. पाहणाऱ्याने पाण्यात उतरण्याचे कारण नाही.'

पाकीट चिकटवण्यापूर्वी वाटले, हा कागद साहेबांशिवाय इतरांच्याही हाती पडेल. म्हणून खाली आणखी एक ओळ घातली आणि पाकीट बोरगावच्या पेटीत टाकून आलो :

'हे वाचणाऱ्याने आता बसला आहे तेथेच बसून राहावे. तेथूनच सगळ्यांत चांगले दिसते.'