काहीही नको असलेलं अस्वल

एका जंगलात एक म्हातारं अस्वल होतं. त्याला काहीही नको होतं. हे ते रोज सगळ्यांना सांगायचं.

हसू नका. सरळ बसा.

अस्वलाचं शिक्षण बेताचं होतं. मान ताठ होती. बोलणं तोडून. माझ्याकडे काय बघता? गोष्ट अस्वलाची आहे.

एकदा रानाबाहेरच्या देवळात कीर्तन चाललं होतं. अस्वलानं कुंपणाआडून ऐकलं. कर्म करावं, फळाची आशा धरू नये. त्याला ते पटलं.

त्या उन्हाळ्यात नदी आटली. अस्वलानं नदीच्या वाळूत झिरा खणला. पाणी लागलं. वाळू ढासळून झिरा रोज बुजायचा, अस्वल रोज पहाटे तो उपसायचं. नखं झिजली. सगळं जंगल तिथं पाणी पिऊ लागलं.

पहिल्याच दिवशी एक हरणी म्हणाली, "आजोबा, फार उपकार झाले."

अस्वल गुरगुरलं. "उपकार? मी निष्काम कर्म करतो. आभार मानलेस तर माझी तपश्चर्या मोडेल. मला काही नको."

हरणी घाबरून पळाली.

आता नीट ऐका. पाहुणा पहिल्या लाडवाला नको म्हणतो. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा असतो. ही माणसांची रीत. अस्वल आग्रहाची वाट बघत होतं. जंगलानं मात्र सभा भरवली.

"म्हाताऱ्याची तपश्चर्या आपल्यामुळे मोडायला नको," वानर म्हणाला.

"जो आभार मानेल, त्याचं पाणी बंद," नीलगाय म्हणाली.

ठराव लगेच मंजूर झाला. आभार न मानण्याचे ठराव लगेच मंजूर होतात.

मग अस्वल रोज काठावरच्या करवंदीच्या जाळीत लपून बसू लागलं. कान टवकारून.

"आज पाणी गढूळ आहे," नीलगाय म्हणायची.

"काठ जरा उतरता हवा होता," वानर म्हणायचा.

अस्वलानं काठ उतरता केला. पुन्हा जाळीत जाऊन बसलं. काठाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

एका भर दुपारी लांबच्या रानातून एक काटेरी साळू आली. पाय ओढत, घसा कोरडा. ठराव तिला ठाऊक नव्हता. एक घोट घेऊन ती म्हणाली, "कुणी खणला ग बाई हा झिरा? त्याच्या हाताला यश येवो."

जाळीत अस्वलाचे डोळे भरून आले.

"मोडली! तपश्चर्या मोडली!" वानर झाडावरून ओरडला.

नीलगाय आडवी आली. "हो बाजूला. तुझं पाणी बंद."

"अहो, पण मी वाईट काय बोलले? एकच घोट झालाय. एवढ्यावर नाही चालवायचं मला पुढं."

तेवढ्यात जाळी हलली. अस्वल बाहेर आलं. अंगभर काटे.

"आजोबा, तुम्ही जाळीत?" नीलगाय म्हणाली.

"तिला पिऊ द्या."

"आणि तुमची तपश्चर्या?"

अस्वलानं मान खाली घातली. ताठ मानेला खाली यायला वेळ लागतो.

"ती केव्हाच मोडली. मी रोज इथं बसतो. कुणी काही बरं बोलतं का, ते ऐकायला."

नीलगाय बाजूला झाली. साळू पोटभर प्यायली.

"म्हणजे आम्ही उन्हाळाभर उगाच तोंड दाबून बसलो?" वानर म्हणाला. मग सगळे एकदम बोलू लागले.

"आजोबा, पाणी फार गोड हो!"

"आजोबा, तुम्ही होता म्हणून पोरं जगली!"

अस्वलाला इतकं ऐकायची सवय नव्हती. ते लाजलं. म्हणालं, "पुरे, पुरे. नको."

सगळे तत्काळ गप्प झाले.

तात्पर्य : फळाची आशा न धरता काम करावं. पण 'नको' एकदाच म्हणावं, आणि तेही हळू. ही गोष्ट मी निरपेक्ष बुद्धीनं सांगितली आहे. आभार मानू नका. मानलेच तर मोठ्यानं माना. मला कमी ऐकू येतं.