एक जूनशी भांडणाऱ्या सिस्टर

कुसुम सिस्टर कॉम्प्युटरवर चिडल्या की त्याला टॉवेलनं झाकायच्या. "बस आता अंधारात!" म्हणायच्या आणि रांगेतल्या बायांवर ओरडायला मोकळ्या व्हायच्या.

कडेगाव तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात केसपेपरची नवी कॉम्प्युटर नोंदणी शिकवायला मला पाठवलं होतं. पहिल्याच आठवड्यात घोळ. हिराबाई जाधव नावाच्या दोघी. जन्मतारीख एक जून, सालही एकच. कॉम्प्युटरनं दोघींची मिळून एक हिराबाई केली. एकीच्या शुगरच्या गोळ्या दुसरीच्या हातात पडणार होत्या. सिस्टरांनी चेहरा ओळखला म्हणून बाई वाचली.

"सगळा तालुका एक जूनला जन्मला व्हय रं?" सिस्टर माझ्यावरच धावून आल्या.

राग मलाही आला होता. ज्यांच्या घरी वाढदिवसाला केक कापतात त्यांनी हा प्रोग्राम लिहिलेला. आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तर एक जून ठोकायचे. शाळा न बघितलेल्यांनाही पुढं कागद करताना तीच चिकटली. माझीही तीच आहे. तिच्यावरच घरातला पहिला पदवीधर झालोय, लाज कसली?

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर खऱ्या तारखा शोधायला लागल्या.

"आवं मावशी, तुमी झाला तवा रानात शाळू काढत हुते का पेरत हुते?"

मावशी सांगायच्या, आई बांधावरच बाळंत झाली, आत्या धावत आली. सिस्टर खेकसायच्या, "आत्याचं नगं, महिना सांगा!" आणि लगेच, "मग? आत्या काय म्हणाली?"

एकेका बाईला अर्धा तास. रांग बोंबलायला लागली. डॉक्टर म्हणाले, उद्या हेच चाललं तर सिस्टरांना आत स्टोअरला बसवतो.

संध्याकाळी बाक रिकामा झाल्यावर मी भडकलो. "सिस्टर, अंदाजाची तारीख म्हणजे खोटी तारीख!"

"आन् एक जून खरी हाय व्हय?"

"अहो, पण मोबाईल नंबर टाकला की दोन हिराबाई वेगळ्या होतात. शिकवलंय मी. तुम्हाला येतंय!"

"येतंय रं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तसं केलं की बाई दोन मिनिटात जाती. पाचला कुलूप. क्वार्टरवर एकटी जाऊन कुणावर खेकसू? आन् उद्यापासनं स्टोअरात खोक्यांवर?"

मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेलो. रागातच सांगितलं, "सिस्टरांचं ट्रेनिंग अजून कच्चं आहे. टायपिंग मी करतो, मोबाईल नंबर टाकतो, रांग हलेल. त्या शेजारी बसून बायांशी बोलतील."

दाराबाहेरून आवाज आला, "कुणाचं कच्चं हाय रं?"