गुडघ्यांवरचे कुंडलिक सर

कुंडलिक सर रोज सकाळी आपल्या बालसंग्रहालयात गुडघ्यांवर चालतात. नवस-बिवस काही नाही. गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधायचे आणि दारापासून शेवटच्या फळीपर्यंत सगळं बघत जायचं. "लेकराला काय दिसतंय ते उभं राहून कळत न्हाई," हे त्यांचं म्हणणं.

चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी सेनगावात कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात हे संग्रहालय मांडलं. मातीचे बैल, भिंगऱ्या, चिंध्यांच्या बाहुल्या, ज्वारीच्या धाटाच्या बैलगाड्या. आता शिवारभर सोयाबीन, त्यामुळं धाटासाठी सर गावोगाव हिंडतात. जीपमध्ये मांडीवर धाटाची पेंढी घेऊन बसलेले सर इकडं कुणाला नवीन नाहीत.

मी तिथं संशोधक म्हणून इंटर्नशिपला लागले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, त्यामुळं 'संशोधक' हा शब्द मी जरा मोठ्यानंच म्हणायची, अजूनही म्हणते. बाबांनी एकदाच विचारलं, "मंजी नेमकं काय हरपलंय तिथं?"

पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून गेले. सर खालूनच म्हणाले, "या संशोधक बाई, बसा. खुर्चीवर न्हाई, गुडघ्यावर!" माझी मुलाखत तशीच झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. "साहेब, वरून काय दिसून राहिलं तुमाला? खाली या." साहेब खाली आले. उठवायला मात्र दोघंजण लागले.

मुलं कुठं थांबतात, कुठून निघून जातात, ते पाहायचं हे माझं काम. महिनाभरात मला दिसलं ते असं, की आमच्याकडं येतात ती बहुतेक पाचवी-सहावीची पोरं, आणि फळ्या बालवाडीच्या उंचीच्या. पोरं वाकून बघतात, कंटाळतात, निघून जातात. मी अहवालात स्पष्ट लिहिलं, फळ्या वीतभर वर घ्याव्यात.

सर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "काहून? लेकरू एवढंच असतंय!" कमरेपाशी हात धरून म्हणाले, "माझी नात एवढी हाय. बराबर तिच्या मापानं ठोकल्यात फळ्या. एक खिळा हलणार न्हाई. ती आली की बघा!"

नात म्हणजे सई. सरांचा मुलगा पुण्यात नोकरीला, ती तिकडंच वाढलेली. ती शेवटची इकडं आल्याला बरीच वर्षं झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. सर सकाळपासून फळ्या पुसत होते. दारात गाडी थांबली आणि सई उतरली, माझ्या खांद्याला लागणारी. फोनवर ती सरांना दर रविवारी दिसायची, पण फोनात चेहरा दिसतो, उंची कुठं दिसते? सर गुडघ्यांवरच होते. त्यांना मान वर करून तिच्याकडं बघावं लागलं.

"आबा, खाली काय करताय?"

पोरगी भली. वाकून वाकून तिनं सगळं पाहिलं, एक बैलगाडी सोडली नाही. आबांचं लक्ष नाही असं बघून मध्येच पाठ सरळ करायची. आबांचं लक्ष होतं.

ती पुण्याला परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, तर गोदामात ठोकाठोक चाललेली. सर हातोडी घेऊन उभे.

"संशोधक बाई, किती वर म्हणला होता तुमी?"

"वीतभर, सर."

त्यांनी भिंतीला हाताची वीत लावली. मग तिच्यावर आणखी एक.

"दोन घेऊ," ते म्हणाले. "परत येईस्तोवर अजून वाढंल ती."